पितळी हँडल बसवू की अँटिमायक्रोबियल कोटिंग मारून घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. कोल्हापुरात राजारामपुरीत नवरा-बायको दोघं डॉक्टर, वीस बेडचं हॉस्पिटल, वरचा मजला नव्यानं करायला काढलाय. एक कोटिंगवाला येऊन सांगून गेला की दारं, हँडल, बेडचे रेलिंग, सगळ्यावर चांदीच्या आयनचं अँटिमायक्रोबियल कोटिंग करून देतो, ९९.९ टक्के जंतू मरतात, पाच वर्षं बघायला नको, सोबत लॅबचं सर्टिफिकेट. आणि डॉक्टरांचे वडील म्हणतात, कशाला ते, जुन्या दवाखान्यासारखी पितळी हँडलं बसवा, तांब्या-पितळेवर जंतू टिकत नाहीत. मग खरं कोण?

डॉक्टर, वडील जास्त बरोबर आहेत, पण सगळीकडं नाही, आणि कोटिंगवाला पण खोटं बोलत नाही, तो फक्त अर्धंच सांगतोय. मी उद्यमनगरात सव्वीस वर्षं बफिंग-प्लेटिंगमध्ये आहे, त्यातली शेवटची बारा-तेरा हॉस्पिटलच्या फिटिंगमध्ये गेली. जंतूंचं मी जे सांगतो ते वाचून आणि घरात मायक्रोबायोलॉजी शिकलेली भाची आहे तिला पिडून, धातूचं जे सांगतो ते हात काळे करून. त्या हिशोबानं वाचा.

आधी त्या सर्टिफिकेटकडं बघू, कारण खरी गंमत तिथंच आहे. त्यावर बहुतेक आयएसओ २२१९६ नाहीतर जेआयएस झेड २८०१ असं लिहिलेलं असणार, दुसरी मूळची जपानी टेस्ट आणि पहिली तिच्यावरनंच बेतलेली. करतात काय, तर कोटिंग केलेला पाच बाय पाच सेंटिमीटरचा तुकडा घेतात, त्यावर जंतू असलेलं पाणी टाकतात, वरनं प्लास्टिकची पातळ फिल्म झाकतात म्हणजे ते पाणी वाळायला नको, आणि ३५ डिग्रीला, ९० टक्क्यांच्या वर ह्युमिडिटी ठेवून २४ तास तसंच ठेवतात. मग मोजतात किती जगले. म्हणजे बघा, जंतूंना चोवीस तास ओल्या गोधडीखाली झोपवलं आणि मग म्हणलं की आमच्या कोटिंगनं मारले. तुमच्या दाराच्या हँडलवर असं कधी होतं का ओ? तिथं कुणीतरी शिंकलेला हात लावतो, ती ओल मिनिटाभरात वाळते, आणि पुढच्या मिनिटाला दुसऱ्याचा हात पडतो.

आता चांदीला ओल का लागते ते सांगतो. चांदीचा धातू स्वतः जंतूला काही करत नाही, तिचे आयन, म्हणजे वीजभार असलेले बारीक कण, सुटून जंतूपर्यंत पोचले पाहिजेत, आणि सुटायला पाणी लागतंय. कोटिंगमध्ये चांदी झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज) किंवा काचेच्या बारीक दाण्यात बसवलेली असते, ओल आली की आयन बाहेर. ओल नाही तर दुकान बंद. २००९ साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात तांब्याचे मिश्रधातू आणि चांदीचं कोटिंग शेजारी शेजारी ठेवून एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतू, टाकून बघितलं. ३५ डिग्री आणि ९० च्या वर ह्युमिडिटी असताना दोघं पण पास, चांदी झकास. तेच साध्या खोलीच्या तापमानाला आणि कमी ह्युमिडिटीला आणलं तर तांब्यानं काम चालू ठेवलं आणि चांदीच्या कोटिंगचा परिणाम जवळपास शून्यावर आला. आपल्याकडं जुलैत गगनबावड्याकडनं पाऊस आत शिरला की कपाटातल्या चपलेला पण बुरशी धरते, तेव्हा चांदी काम करत असेलही, पण तुमच्या आयसीयूत एसी चोवीस तास चालू, आणि फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा, तेव्हा ती काय करणार?

चांदीला मी नावं ठेवत नाही हां. चांदीच्या कामाचं हुपरी इथनं हाकेच्या अंतरावर, चांदीची बदनामी केली तर माझे निम्मे पाहुणे बोलायचे बंद होतील. भाजलेल्या जखमेवर तुम्ही स्वतः जे सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम लावता ते चालतं कारण जखम ओली असते. कॅथेटरवर चांदी लावतात ते पण ओल्या जागेतच. चांदीची जागा ती. कोरडं हँडल ही तिची जागा नव्हे.

दुसरं, ती ९९.९ ची भानगड. त्या जपानी टेस्टमध्ये पास व्हायला बिनकोटिंगच्या तुकड्याच्या मानानं ९९ टक्के कमी झाले की पुरतंय, म्हणजे शंभरातला एक उरला तरी पास. ९९.९ म्हणजे हजारातला एक. दहा लाख जंतू टाकले तर हजार उरले. ऐकायला लई भारी वाटतं, पण आकड्याच्या आधी विचारायचं की किती वेळात आणि कुठल्या हवेत. चोवीस तासात ९९.९ आणि दोन तासात ९९.९ ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हँडलच्या बाबतीत तर दोन तास पण जास्तच झाले.

तांब्याचं काय आहे, अमेरिकेच्या ईपीएनं, म्हणजे तिथलं पर्यावरण खातं, २००८ साली तांब्याच्या मिश्रधातूंना जंतू मारणारा पृष्ठभाग म्हणून नोंद दिली, घन धातूला अशी नोंद मिळायची ती पहिलीच वेळ. दावा असा की दोन तासात ९९.९ टक्क्यांच्या वर बॅक्टेरिया मरतात, अट अशी की मिश्रधातूत तांबं कमीत कमी ६० टक्के पाहिजे. त्यासाठी ज्या टेस्ट लावल्या त्या मला जास्त पटतात. धातूचा तुकडा घासून घासून झिजवायचा आणि मग बघायचं, शिवाय एका टेस्टमध्ये तर २४ तासात आठ वेळा नवीन नवीन जंतू टाकायचे, मध्ये पुसायचं नाही, आणि तरी संख्या वाढता कामा नये. हे दाराच्या हँडलच्या जवळ जाणारं आहे. आणि त्याच नोंदीत हे पण लिहायला लावलंय की हा नेहमीच्या साफसफाईचा पर्याय नाही, जोडीला आहे. आणि एक वाक्य अजून, पृष्ठभागावर रंग, लॅकर, मेण, व्हार्निश काही लावायचं नाही. ह्या शेवटच्या वाक्यावर मी स्वतः तोंडावर पडलोय, ते खाली सांगतो.

तांबं कोरड्यावर का चालतं? जंतू तांब्यावर बसला की त्याच्या बाहेरच्या आवरणाला तांबं भोक पाडतं, तांब्याचे आयन आत घुसतात, आत ऑक्सिजनची धोकादायक रूपं तयार होतात, आणि शेवटी डीएनएचे पण तुकडे पडतात. एकाच वेळी चारी बाजूनं मार, त्यामुळं जंतूला सुटायला फार जागा राहत नाही. आणि कोरड्या तांब्यावर हे ओल्यापेक्षा जलद होतंय, मध्ये पाणी नसल्यामुळं जंतू थेट धातूला टेकतो. चांदीच्या बरोबर उलट.

वडिलांचं म्हणणं बहुतेक तांब्याच्या कलशातल्या पाण्यावरनं आलं असेल, तर ते पण निराधार नाही. २०१२ मध्ये बेंगळुरूच्या लोकांनी तांब्याच्या भांड्यात पाणी १६ तास ठेवून बघितलं, कॉलरा आणि जुलाबाचे जंतू मुद्दाम टाकून, नंतर वाढवायला घेतले तर एकही उगवला नाही. पाण्यात तांबं उतरलं ते लिटरला ०.१८ मिलिग्रॅमच्या आसपास, आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, इष्ट मर्यादा ०.०५ आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा १.५, म्हणजे मधे कुठंतरी. पण १६ तास बघा, दोन मिनिटं नाही.

आता धातू आणि कोटिंग ह्यातला मूळ फरक, जो मला बफिंगच्या मोटरवर उभं राहून कळला. पितळेचा पत्रा घासला तर खाली काय? पितळ. अजून घासला तर? अजून पितळ. दहा वर्षं हजार हातांनी झिजवला तरी वर जे येतं ते तेच. कोटिंगचं तसं नसतं, तिथं साठा ठरलेला असतो. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन, त्यात चांदीची पावडर मिसळलेली, पण काम करणार ती फक्त अगदी वरच्या कातडीतली, आतली अडकून बसलेली. वरची आयन देऊन संपली की काम मंदावलं, आणि दिसायला मात्र पहिल्या दिवसासारखंच. हीच माझी कोटिंगबद्दलची मोठी तक्रार आहे, संपल्याचं कळत नाही. पितळ काळं पडलं तर निदान डोळ्याला दिसतं.

स्प्रे करून मारायचं जे पारदर्शक कोटिंग येतं, कोविडनंतर ज्याचे टँकर भरून आले, ते बहुतेक क्वाटर्नरी अमोनियमवालं, सिलेन नावाच्या रसायनाच्या पायानं पृष्ठभागाला चिकटतं आणि वर सुया उभ्या असल्यासारखं राहतं, जंतू त्यावर बसला की त्याचं आवरण फाटतं असा हिशोब. हिशोब ठीक आहे, पण सुयांवर हाताच्या तेलाचा किंवा साबणाचा थर बसला की जंतू त्या थरावर बसतो, सुया खाली झोपलेल्या. तिसरा प्रकार टायटॅनियम डायऑक्साइडचा, त्याला अल्ट्राव्हायोलेट उजेड लागतो, उन्हात बाहेरच्या भिंतीवर चांगला, पण तुमच्या कॉरिडॉरला एलईडी पॅनल आहे, त्यात अल्ट्राव्हायोलेट असतंय कुठं. खोलीतल्या उजेडात चालणारे सुधारलेले प्रकार निघालेत, पण विकणाऱ्याला तो फरक विचारला की तो फोन लावून साहेबांना विचारतो असं म्हणतो आणि मग बाहेरच बोलत राहतो.

तर आता माझी फजिती. दहाएक वर्षं झाली, ओळखीतल्या एका दवाखान्याला मी चाळीस पितळी हँडलं आणि दार ढकलायच्या पुश प्लेटा करून दिल्या. मीच त्यांना पटवून दिलं होतं, पितळ जंतू मारतं वगैरे. बफ करून आरशासारखी केली, आणि काळी पडू नयेत म्हणून आमच्या नेहमीच्या पद्धतीनं त्यावर क्लिअर लॅकर मारला, शोरूमला द्यायचो तसाच. डॉक्टर खूश, मी खूश. तीनेक वर्षांनी भाची सुट्टीला आली होती, तिला कौतुकानं तिथं घेऊन गेलो, बघ तुझ्या मामानं काय काम केलंय. तिनं हँडलला हात लावला, अंगठ्याचं नख कडेला जरा दाबून ओढलं, आणि नखाखाली मेणासारखी पारदर्शक साल निघाली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ती साल माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, मामा, लोक ह्याला हात लावतात, पितळेला नाही, तुम्ही प्लास्टिकचं हँडल दिलंय. मला काय बोलावं कळेना. चाळीसच्या चाळीस उतरवून आणली, थिनरमध्ये टाकून लॅकर काढला, परत बफ केलं, आणि बफिंगच्या लस्टरचा, म्हणजे पॉलिशच्या मसाल्याचा, जो चिकट मेणचट थर राहतो तो पण डिग्रीजिंगला घालून घालवला, कारण तो पण तोच घोटाळा करतो. सगळं पदरच्या खर्चानं. तेव्हापासून माझ्या टेबलावर मल्टिमीटर असतो.

मल्टिमीटर कशाला, तर ही साधी युक्ती आहे, तुम्ही पण करू शकता. कंटिन्युइटीवर लावायचा, दोन्ही पिना हँडलवर बोटभर अंतरानं हलक्या टेकवायच्या. बीप वाजलं तर धातू उघडा आहे. वाजलं नाही तर वर लॅकर आहे, मग दुकानदार काहीही सांगू दे. पिना जोरात खुपसू नका, लॅकरला भोक पडून बीप वाजतं आणि तुम्ही फसता.

पण बीप वाजलं म्हणजे पितळच असं पण नव्हे. हार्डवेअरच्या दुकानात अँटिक ब्रास फिनिश म्हणून जे मिळतं ते बऱ्याच वेळा जस्ताच्या डायकास्टिंगवर (साच्यात ओतलेल्या तुकड्यावर) पितळी रंगाचा प्लेटिंगचा पातळ मुलामा आणि वर लॅकर. चुंबक लावून कळत नाही, जस्त पण चिकटत नाही आणि पितळ पण. मागच्या बाजूला, जिथं स्क्रू बसतो तिथं, कानस मारून बघायची, आत पिवळं असेल तर पितळ, राखाडी पांढरं असेल तर जस्त. आणि सगळ्यात मोठी गंमत तुमच्या नळांची. चांगल्या कंपनीचा नळ आतनं पितळच असतो, पण वर निकेल आणि क्रोम. हात लागतो तो क्रोमला, आणि क्रोम जंतूला काही करत नाही. म्हणजे घरोघरी किलोनं पितळ आहे आणि एकाचाही हात पितळेला लागत नाही.

स्टीलबद्दल पण लोकांच्या डोक्यात असतं की चकचकीत म्हणजे स्वच्छ. ३०४ स्टील गंजत नाही कारण त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा थर असतो, तो थर काही सोडत नाही आणि काही मारत पण नाही. पुसायला स्टीलसारखं काही नाही हे मान्य, पण दोन पुसण्याच्या मधल्या वेळात ते पाटासारखं असतंय, जो बसेल तो बसेल. कोविडच्या सुरुवातीला, २०२० मध्ये, जी मोजमापं आली त्यात तो विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर दोन-तीन दिवसांपर्यंत जिवंत सापडला आणि तांब्यावर चार तासानंतर सापडला नाही. पुढं २०२१ मध्ये ईपीएनं काही मिश्रधातूंना विषाणूंसाठी पण दावा करायला परवानगी दिली, पण त्यात तांबं कमीत कमी ९५.६ टक्के पाहिजे, म्हणजे साधं पितळ त्यात बसत नाही.

टक्क्यांवरनं आठवलं, हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडं टर्निंगवाले जो नेहमीचा फ्री कटिंग पितळेचा रॉड वापरतात, आयएस ३१९ ह्या भारतीय मानकाचा, त्यातल्या सर्रास मिळणाऱ्या ग्रेडमध्ये तांबं ५६ ते ५९ टक्केच असतं आणि वर दोन ते साडेतीन टक्के शिसं. म्हणजे ६० ची अट तिथंच हुकली. एकदम निकामी होत नाही, पण तांबं जितकं जास्त तितकं काम जलद हे साधं गणित आहे. म्हणून पुश प्लेटला ६३/३७ चा (६३ तांबं, ३७ जस्त) किंवा जमलं तर ७०/३० चा पत्रा मागा, आणि पत्र्याबरोबर टेस्ट सर्टिफिकेट घ्या. शंका आली तर शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला टेस्टिंग लॅब आहेत, तिथं स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या मशीनवर, एक तुकडा बघून घ्यायचा, फक्त आधी विचारा की मशीनला तांब्याचा प्रोग्राम आहे का, आपल्या गावात फाउंड्र्या बिडाच्या, त्यामुळं बऱ्याच मशिनी लोखंडापुरत्याच लावलेल्या असतात.

पिवळा रंग नको असेल, मॅडमना स्टीलसारखंच दिसायला पाहिजे असेल, तर जर्मन सिल्व्हर किंवा तांबं-निकेल आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरती पण चांदी नसते, तांबं, जस्त आणि निकेल. ६० च्या वर तांबं असलेला ग्रेड बघून घ्या. महाग पडतं आणि निकेलची ॲलर्जी असणाऱ्या माणसाला त्रास होऊ शकतो, ते तुम्हाला मी काय सांगणार.

आता काळं पडण्याचं. हे होणारच. तांबं-पितळ हाताच्या घामानं आणि हवेनं तपकिरी होतं, आणि पेशंटचे नातेवाईक म्हणतात काय ओ, हँडल किती कळकट. पण तो जो तपकिरी ऑक्साइडचा थर आहे तो काम थांबवत नाही. थांबवतो तो हाताचा तेलकटपणा आणि धूळ, जो चकचकीत हँडलवर पण असतो आणि दिसत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत फिलिस कुन नावाच्या बाईंनी हॉस्पिटलच्या दाराच्या मुठी तपासल्या होत्या, पितळी आणि स्टीलच्या, त्यांचं पण सांगणं हेच की पितळी मुठीवर लॅकर नको आणि ती अधनंमधनं घासलेली पाहिजे. आमची आई देवघरातला तांब्या चिंचेनं घासायची ते शास्त्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या मावशींना रोज साध्या सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसायला सांगा, मग कोरडं, मग तुमचं जे अल्कोहोल असेल ते. महिन्यातनं एकदा पितळ घासायची पावडर, आणि ती पावडर पूर्ण धुवून काढायची.

हायपोक्लोराइट मात्र पितळेला लावू नका, ही ताकीद समजा. आपल्याकडं दवाखान्यात एक टक्का हायपो सगळीकडं फिरवायची सवय आहे, त्यानं पितळ काळं-हिरवं तर होतंच, शिवाय त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि जागोजाग गुलाबी डाग पडतात, खाली धातू भुसभुशीत. रक्त सांडलं आणि हायपोच पाहिजे असेल तर जितका वेळ ठेवायचा तितकाच ठेवून लगेच साध्या पाण्यानं पुसून काढा. स्टीलला पण त्यानं खड्डे पडतात, पण स्टील जरा उशिरा रडतं.

बसवताना एक चूक सगळे करतात. ॲल्युमिनियमच्या दारावर पितळी प्लेट थेट स्क्रूनं मारतात. दोन वेगळे धातू, मधे ओल, झाली बॅटरी तयार, आणि त्यात जातं ते ॲल्युमिनियम. दोन पावसाळ्यात प्लेटच्या कडेनं पांढरी पावडर यायला लागते. मध्ये पातळ रबर नाहीतर नायलॉनचा गॅस्केट घाला, स्क्रूला नायलॉनचं वॉशर. लाकडी किंवा फ्लश डोअर असेल तर प्रश्न नाही, स्क्रू मात्र पितळेचेच घ्या.

पैशाचं बघू. सगळं पितळेचं करा असं मी म्हणत नाही, ते येड्याचं काम होईल. एक पुश प्लेट ३०० बाय १०० बाय दीड मिलिमीटर, वजन भरतं साधारण ३८० ग्रॅम. बेडच्या रेलिंगची वरची एक पाइप, पंचवीस मिलिमीटरची, दीड मिलिमीटर जाडीची, सव्वा मीटरच्या आत, ती सव्वा किलोच्या आतच बसते. पितळ आणि स्टीलचं वजन जवळपास सारखंच येतं, भावात मात्र मोठं अंतर, म्हणून जिथं हात पडतो तेवढंच पितळेचं. माझ्या हिशोबानं वॉर्ड आणि टॉयलेटच्या दाराच्या पुश प्लेटा आणि हँडल, टॉयलेटची आतली कडी (ही सगळे विसरतात आणि सगळ्यात घाण तीच असते), बेडच्या रेलिंगची फक्त वरची पाइप, सलाईन स्टँडची मधली जिथं धरतात ती वीतभर जागा, आणि जिन्याच्या कठड्याचा वरचा भाग. पितळ स्टीलपेक्षा मऊ, बेड ढकलताना दाराच्या चौकटीला आपटला तर पोचा येणार, तो धरून चाला.

भिंती, दाराचं पूर्ण फळकं, बेडची खालची फ्रेम, लॉकर, ह्याला ना पितळ पाहिजे ना ते चांदीचं कोटिंग. चांगलं पावडर कोटिंग करून घ्या, सेव्हन टँकची प्रोसेस (कोटिंगच्या आधी धातू सात टाक्यांतनं साफ करून तयार करतात ती) नीट केलेली, जे तुमचं डिसइन्फेक्टंट रोज सोसेल आणि सोलपटणार नाही. सोलपटलेल्या कोपऱ्यात जेवढे जंतू बसतात तेवढे गुळगुळीत साध्या रंगावर बसत नाहीत. कीबोर्ड, मॉनिटरची बटणं, रिमोट, इथं धातू बसवता येत नाही, तिथं तांब्याची किंवा कोटिंगवाली फिल्म लावायची असेल तर लावा, पण ती दोन-तीन महिन्यांनी बदलायची वस्तू म्हणून लावा, कडा उचकटल्या की लगेच फेकायची. आणि लोखंडावर तांब्याचं प्लेटिंग करून देतो असं आमच्यातला कोण म्हणाला तर नको म्हणा. पाच-दहा मायक्रॉनचा थर हाताळणीत कडेनं आधी जातो आणि खालनं गंज येतो, मी स्वतः प्लेटिंगवाला आहे म्हणून सांगतो.

किचनमध्ये उत्साहाच्या भरात पितळी ट्रे-वाट्या आणू नका. उघड्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं हे घरातल्या कुठल्याही बाईला माहीत आहे, तिथं कल्हई पाहिजे, आणि कल्हई केली की वर कथील आलं, मग जंतू मारायचा मुद्दाच संपला.

राहिला शेवटचा आणि तुमच्या अखत्यारीतला प्रश्न, ह्यानं इन्फेक्शन कमी होईल का. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या तीन हॉस्पिटलच्या आयसीयूंचा अभ्यास आला होता, खोलीतल्या सहा वस्तू तांब्याच्या मिश्रधातूच्या केल्या, बेडरेल, टेबल, सलाईन स्टँड वगैरे, आणि हॉस्पिटलमध्ये लागणारं इन्फेक्शन ८.१ टक्क्यांवरनं ३.४ वर आलं असं त्यांनी मांडलं. पण कुठली खोली तांब्याची हे तिथल्या स्टाफला दिसतच होतं, त्यामुळं हात जास्त धुतले गेले असतील अशी शंका घेतली गेली, आणि नंतरच्या अभ्यासांत निकाल इकडंतिकडं आहेत. पृष्ठभागावरचे जंतू कमी होतात हे पक्कं, पेशंटला होणारं इन्फेक्शन किती कमी होतं ह्यावर मी पैज लावणार नाही. हँडलला हात लावायच्या आधी आणि नंतर हात कोण धुतो, ते ह्या सगळ्यापेक्षा मोठं आहे, आणि ते मी बनवून देऊ शकत नाही.

कोटिंगवाला परत आला तर त्याला चहा पाजा आणि विचारा, ह्या सर्टिफिकेटमधली टेस्ट किती ह्युमिडिटीला केली, खोलीच्या हवेत कोरड्यावर केलेली आहे का, आमच्या डिसइन्फेक्टंटनं हजार वेळा पुसल्यावरचा तुकडा टेस्ट केलाय का, आणि पाच वर्षांनी संपलं हे आम्हाला कळणार कसं. चारातल्या दोनाची जरी कागदावर उत्तरं दिली तर माणूस बरा आहे, त्याला कीबोर्ड-रिमोटचं काम द्या.

आणि पितळेची ऑर्डर द्याल तेव्हा, माझ्याकडं द्या नाहीतर दुसऱ्या कुणाकडं, चलानावर मोठ्या अक्षरात लॅकर मारायचा नाही असं लिहून घ्या. तोंडी सांगू नका. पॉलिशवाल्या पोराचा हात वळणावर गेलेला असतो, बफ झालं की तो स्प्रेगन उचलतोच, आमच्याकडं अजून उचलतो.